संगणक शिकवायचा कोणाला? प्रा. राजारामन यांची चार दशके

भारतातील संगणकाचा इतिहास सांगायला बसले की गोष्ट बहुधा यंत्रांची होते. कोलकात्याला पहिला संगणक कधी आला, मुंबईत टिफ्रॅक कसा बांधला गेला, पुण्यात परम कसा तयार झाला. ही यंत्रे चालवणार कोण होते, आणि त्यांना ते कोणी शिकवले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे आणि तो एका प्राध्यापकाच्या आयुष्याभोवती गुंफलेला आहे : वैद्येश्वरन राजारामन. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५५ च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एचईसी-२एम हा ब्रिटिश बनावटीचा छोटा संगणक आला. देशातला हा पहिला अंकीय संगणक. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतःच एक यंत्र बांधायला घेतले. ते १९६० मध्ये पूर्ण झाले आणि पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखले गेले. दोन्ही कामे मोठी होती, याबद्दल वाद नाही. पण दोन्ही यंत्रे संशोधन संस्थांच्या भिंतींआड होती. संस्थेत ज्याला प्रवेश, त्यालाच यंत्र. एखाद्या सामान्य अभियांत्रिकी विद्यार्थ्याला संगणकाशी गाठ पडण्याची शक्यता जवळपास नव्हतीच.

राजारामन यांचा जन्म १९३३ चा, तमिळनाडूतील इरोडचा. शिक्षण मात्र दिल्लीला झाले. तिथल्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून त्यांनी १९५२ साली भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि ते बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांची संगणकाशी पहिली ओळख झाली, पण तो आपल्या परिचयाचा संगणक नव्हता.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रा. व्हिन्सेंट राइडआउट त्या काळात बंगळूरला पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेत ‘प्रेडा’ नावाचा अनुरूप संगणक उभा राहिला. अनुरूप संगणकात आकडे नसतात, विद्युतदाब असतो. एखाद्या पुलाचे हेलकावे किंवा विमानाची चाल यांचे गणित सोडवायचे, तर ज्या समीकरणाने ती गती बांधलेली आहे तेच समीकरण विद्युतमंडलांतून प्रत्यक्ष घडवायचे आणि दाब कसा बदलतो ते पडद्यावर पाहायचे. सरळ, रेषीय समीकरणे असली की हे सोपे. निसर्गातील बहुतेक समीकरणे तशी नसतात. त्या वाकड्या समीकरणांसाठी लागणारे विशेष घटक प्रेडाकरिता तयार करण्याचे काम तरुण राजारामन यांच्याकडे आले. संगणक आतून हातांनी बांधत ते या विषयात आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे त्यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांत यंत्राविषयीचा भयमिश्रित आदर कुठेही दिसत नाही.

तेथून शिष्यवृत्तीवर एमआयटी, मग विस्कॉन्सिन. १९६१ मध्ये पीएच.डी. झाली. अमेरिकेत अध्यापनाची नोकरीही मिळाली. तेथेच राहणे सोपे होते. १९६३ साली ते परत आले आणि कानपूरच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीचे साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

कानपूरच का, हे समजण्यासाठी एका मराठी माणसाची ओळख करून घ्यावी लागेल.

डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख, मग पवईच्या आयआयटीच्या उभारणीतील नियोजन अधिकारी आणि १९५९ पासून कानपूर आयआयटीचे पहिले संचालक. संस्थेचा आरंभ झाला तो कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेच्या आवारातील उपाहारगृहाच्या इमारतीत. स्वतःची जागा नाही, प्रयोगशाळा नाही, पण केळकरांची दृष्टी स्पष्ट होती : तरुण प्राध्यापक आणायचे, त्यांना मोकळीक द्यायची आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला विज्ञान व मानव्यविद्या दोन्ही शिकवायच्या. कानपूरच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते, याचे मला नेहमी नवल वाटते.

कानपूरच्या पाठीशी अमेरिकेतील ९ विद्यापीठांचा संघ होता. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे या संघाने प्राध्यापक, उपकरणे आणि पुस्तके पुरवली. त्या नऊ नावांत एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन, पर्ड्यू आणि कार्नेगी होती. ही नावे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडतील.

या योजनेतून १९६३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक बसवला गेला. बर्कलीचे प्रा. हॅरी हस्की त्याच्यासोबत आलेल्या तज्ज्ञांत होते. हे हस्की म्हणजे १९४७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ॲलन ट्युरिंग ज्या संगणकाच्या आराखड्यावर काम करत होते, त्या गटात वर्षभर राहून आलेले गृहस्थ. म्हणजे ट्युरिंग आणि कानपूर यांच्यामध्ये अंतर फक्त एका माणसाचे होते.

आता या १६२० यंत्राविषयी थोडे, कारण ते फार मजेदार होते. त्याच्या पहिल्या आवृत्तीला बेरीज करता येत नसे! बेरजेसाठी वेगळे विद्युतमंडल देण्याऐवजी स्मृतीत बेरजेचा आणि गुणाकाराचा पाढा साठवून ठेवलेला असे. ३ आणि ४ ची बेरीज हवी असली की यंत्र पाढ्यात पाहून ७ उचलत असे. शाळेतल्या मुलासारखेच. गंमत अशी, की तो पाढा साध्या स्मृतीतच असल्यामुळे एखाद्याच्या चुकीच्या आज्ञावलीने तो पुसला जाऊ शके. मग यंत्र निमूटपणे चुकीची बेरीज सांगत राही. पाढा पुन्हा भरावा लागे. आजच्या मोजमापाने हा संगणक म्हणजे खेळणेच. पण ज्याला यंत्राच्या पोटात काय चालते ते समजून घ्यायचे होते, त्याच्यासाठी याहून चांगला शिक्षक मिळणे कठीण होते.

त्या काळी बहुतेक ठिकाणी संगणक वातानुकूलित खोलीत बंद असे. आपण आपली पंचकार्डे खिडकीतून आत द्यायची, आतला कर्मचारी ती यंत्रात घालणार, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कागद बाहेर येणार. एका कार्डावर आज्ञावलीची एक ओळ. एका ओळीत स्वल्पविराम चुकला, तर पुन्हा कार्ड छेदा, पुन्हा रांगेत उभे राहा. कानपूरला हे दार उघडे ठेवण्याचे ठरले. विद्यार्थी स्वतः यंत्रासमोर बसत, स्वतः ते चालवत, चुकत आणि दुरुस्त करत.

हा निर्णय आज किरकोळ वाटतो. त्या वेळी संगणकाची किंमत आणि देशाकडील परकीय चलनाची चणचण पाहिली, तर तो धाडसाचा होता. परदेशातून आलेले लाखमोलाचे यंत्र वीस वर्षांच्या मुलांच्या हाती द्यायचे? विद्यार्थ्यांना दार उघडे मिळाले ते संचालकांच्या आणि राजारामन, एच. एन. महाबल यांच्यासारख्या तरुण प्राध्यापकांच्या विश्वासामुळे.

दार केवळ आतल्यांसाठीच उघडे नव्हते. देशभरातील अभियंते, शास्त्रज्ञ, प्राध्यापक यांच्यासाठी कानपूरला दहा-दहा दिवसांचे अभ्यासवर्ग सुरू झाले. सकाळी व्याख्यान, नंतर प्रत्यक्ष यंत्रावर सराव. फोर्ट्रान ही भाषा शिकायची, आपल्या कामातील एखादे गणित घेऊन यायचे आणि ते संगणकाकडून सोडवून घेऊन परतायचे. जो अभियंता पूर्वी महिनाभर हातयंत्रावर आकडे मोडत असे, त्याला तेच काम काही मिनिटांत झालेले दिसे. अशा माणसाला संगणकाचे महत्त्व आणखी कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नसे. तो आपल्या संस्थेत परत जाऊन संगणकाची मागणी करू लागे. संगणकाच्या प्रसाराची यापेक्षा स्वस्त योजना मला तरी सुचत नाही.

१९६६ मध्ये कानपूरला आयबीएम ७०४४ हे बरेच मोठे यंत्र आले.

त्याच सुमारास, १९६५ साली, राजारामन आणि सहकाऱ्यांनी एम.टेक. च्या पातळीवर संगणकशास्त्राचे शिक्षण सुरू केले. भारतातील हा पहिला पदव्युत्तर संगणक अभ्यासक्रम. ही तारीख सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असते आणि आपण ती पाठ करून पुढे जातो. पण तिच्या शेजारी दुसऱ्या दोन तारखा ठेवून पाहा. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला तो १९६२ मध्ये, आणि तो त्या देशातला पहिला. स्टॅनफर्ड आणि कार्नेगी येथील विभाग १९६५ चे. म्हणजे कानपूर जगाच्या तीन दशके मागे नव्हते, जेमतेम तीन वर्षे मागे होते. पर्ड्यू आणि कार्नेगी ही कानपूरला मदत करणाऱ्या नऊ विद्यापीठांपैकीच, त्यामुळे वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे कानपूरला आधी कळत होते. तरीही वारे कळणे वेगळे आणि शीड उभारणे वेगळे. संगणकशास्त्र नावाचे काही शास्त्र आहे काय, की ते केवळ एक यंत्र वापरण्याचे कसब आहे, हा वाद तेव्हा जगभर चालू होता. शिवाय व्यवहाराचा प्रश्न होताच : देशात यंत्रे मोजकी, मग या पदवीधरांना नोकरी कोण देणार?

हा प्रश्न वाजवी होता आणि त्याचे सोपे उत्तर कोणाजवळही नव्हते. राजारामन यांच्या सबंध कारकिर्दीतून त्यांची भूमिका दिसते ती अशी, की यंत्रे येण्याची वाट पाहून माणसे तयार करायला लागलो, तर यंत्रे आल्यावर ती चालवायला माणसे नसतील. यंत्र बाहेरून विमानाने आणता येते. ते जाणणारी हजार माणसे आणता येत नाहीत.

कानपूरला १९७१ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र एम.टेक. व पीएच.डी. कार्यक्रम झाला आणि १९७८ मध्ये बी.टेक. सुरू झाले. इन्फोसिसचे नारायण मूर्ती १९६९ साली कानपूरहून एम.टेक. होऊन बाहेर पडले, हे अनेकांना माहीत असते. प्रसिद्ध झालेले ते एक नाव. बाकीचे शेकडो विद्यार्थी सरकारी संस्थांत, कारखान्यांत आणि इतर महाविद्यालयांत गेले आणि तिथे दुसऱ्यांना शिकवू लागले. माझ्या मते खरा विस्तार तिथे आहे.

आता पुस्तकांकडे येऊ. या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

साठच्या दशकात संगणकाची पुस्तके अमेरिकेहून येत. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते एका रात्रीत साडेसात रुपये झाले. म्हणजे प्रत्येक परदेशी पुस्तक दीडपटीहून अधिक महाग. आधीच आवाक्याबाहेर असलेली वस्तू आणखी दूर गेली. ग्रंथालयात एक प्रत, आणि तिच्यावर सबंध वर्गाची नजर. ज्या महाविद्यालयात अमेरिकी प्राध्यापक नाहीत, संगणक नाही, तिथे तर ती एक प्रतही नाही.

राजारामन यांनी आपल्या वर्गातील टिपणांवरून पुस्तक लिहिले : ‘प्रिन्सिपल्स ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’. प्रेंटिस हॉल ऑफ इंडियाने ते १९६९ मध्ये छापले. किंमत विद्यार्थ्याला परवडेल इतकीच असावी, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी पुढच्या पुस्तकांतही सोडला नाही. यानंतर रांगच लागली. संगणकाधारित अंकीय पद्धती, कोबॉल, फोर्ट्रान, अंकीय संगणकाची रचना, माहितीप्रणालींचे विश्लेषण, पुढे सी भाषा आणि समांतर संगणक. पिवळट कागदाची, मध्यम आकाराची ही पुस्तके. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात अभियांत्रिकी शिकली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना ‘राजारामन’ हे एका माणसाचे नाही, तर एका पुस्तकाचे नाव वाटत असे. “राजारामन आणलास का?” असे विचारले जाई.

या पुस्तकांची घडण पाहण्यासारखी आहे. भाषेचे नियम पहिल्या पानापासून अंगावर येत नाहीत. आधी एखादे साधे काम घेतलेले असते, उदाहरणार्थ दहा आकड्यांतून सर्वांत मोठा शोधणे. ते माणूस कसे करील, पायऱ्या कोणत्या, निर्णय कुठे घ्यावा लागतो, हे आधी मांडलेले असते. मग त्या पायऱ्यांचे आज्ञांत रूपांतर. मग त्या आज्ञा एकेक करून चालवल्या तर प्रत्येक टप्प्यावर स्मृतीत काय असेल, याचा तक्ता. यंत्र समोर नसलेल्या विद्यार्थ्याला कागदावर यंत्र व्हायला शिकवण्याची ही पद्धत होती. ज्या देशात पुस्तके यंत्रांच्या आधी पोचणार होती, त्या देशासाठी दुसरी कोणती पद्धत चालली असती?

या पद्धतीचा एक तोटाही झाला, तो सांगायला हवा. अनेक महाविद्यालयांत पुस्तक पोचले आणि यंत्र अनेक वर्षे पोचलेच नाही. संगणक कधीही न पाहता, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आज्ञावल्या लिहून मुले उत्तीर्ण झाली. कागदावर यंत्र होणे हा तात्पुरता उपाय होता, तो काही ठिकाणी कायमचा झाला. हा दोष पुस्तकाचा की व्यवस्थेचा, याचे उत्तर उघड आहे. पण प्रत्यक्ष यंत्राला हात लावण्याचा जो कानपूरचा आत्मा होता, तो पुस्तकाबरोबर टपालाने पाठवता येत नव्हता.

इकडे देशात वातावरणही संगणकाला फार अनुकूल नव्हते. आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवल्यावर कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कोलकात्यात, तीव्र विरोध केला. संगणक आला की कारकुनाची नोकरी गेली, ही भीती होती. ती हास्यास्पद मुळीच नव्हती. बेकारी खरी होती आणि कारकुनी हेच मध्यमवर्गाचे मुख्य चूलपाणी होते. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. भारतातील दारिद्र्याच्या मोजमापासाठी ज्यांचे नाव आपण घेतो, तेच दांडेकर. या समितीचा अहवाल १९७२ चा आहे. संगणक आणि रोजगार यांवर आज जी चर्चा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने चालते, तिचा जुना पाठ वाचायचा असेल तर हा अहवाल शोधावा.

याच दशकाच्या अखेरीस परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय बंद केला. देशात बसवलेली आयबीएमची यंत्रे मात्र राहिली. ती सांभाळायची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. परदेशी कंपनीच्या आधाराशिवाय यंत्रे चालू ठेवण्यासाठी प्रशिक्षित माणसे लागणार, हे आता कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

पुढचा प्रश्न संख्येचा होता. आयआयटीतून वर्षाला बाहेर पडणारे मूठभर अभियंते देशाची गरज भागवू शकत नव्हते. इलेक्ट्रॉनिक्स आयोगाने संगणकासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाचा विचार करायला एक मंडळ नेमले, त्याचे नेतृत्व राजारामन यांच्याकडे होते. त्यातून एक नवीनच पदवी निघाली : मास्टर ऑफ कम्प्युटर ॲप्लिकेशन्स, आपली एमसीए.

हिच्यामागचा विचार साधा आणि दूरदर्शी होता. कार्यालये, बँका, कारखाने यांच्यासाठी प्रणाली बांधायची, तर यंत्राचे परिपथ जाणणारा अभियंताच हवा असे नाही. गणिताची बैठक असलेला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा पदवीधर तीन वर्षांत हे काम उत्तम शिकू शकतो. अभियांत्रिकीचे दार बारावीच्या गुणांवर बंद झालेल्या मुलामुलींसाठी हे दुसरे दार होते. ऐंशीच्या दशकात विद्यापीठांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नव्वदच्या दशकात भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाला माणसे हवी झाली, तेव्हा ती कुठून आली असा प्रश्न पडला, तर उत्तराचा एक मोठा भाग या तीन अक्षरांत आहे. तालुक्याच्या गावातून बी.एस्सी. होऊन शहरात आलेल्या किती घरांचे नशीब या पदवीने बदलले, हे तुमच्यापैकी काहींना स्वतःच्या घरातूनच माहीत असेल.

१९८२ साली राजारामन कानपूर सोडून बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत गेले. ज्या संस्थेत विद्यार्थी म्हणून प्रेडाचे घटक बांधले, तिथेच आता संगणक केंद्र आणि पुढे महासंगणक शिक्षण व संशोधन केंद्र यांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९९४ पर्यंत ते या पदावर होते.

इथे एका लोकप्रिय कथेला हात घालावा लागेल. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी फिरणारी कथा अशी : अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारला, म्हणून विजय भटकरांनी पुण्यात परम बनवला. गोष्ट ऐकायला छान आहे, आणि तिचा गाभाही खोटा नाही. पण तपशील अधिक रोचक आहे. भारताला क्रे मिळाला होता! हवामानाच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र दिल्लीला बसवले गेले, तेही कडक अटींवर. नाकारले गेले ते बंगळूरच्या संस्थेला हवे असलेले अधिक सामर्थ्यवान यंत्र. हवामान खात्याने यंत्र कशासाठी वापरले हे तपासणे सोपे, विद्यापीठात कोणता संशोधक कोणते गणित चालवील याचा भरवसा नाही, हा त्यामागचा अमेरिकेचा संशय.

म्हणजे नकार मिळाला तो नेमका उघड्या दाराला.

यानंतर दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींत राजारामन होते. पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने १९८७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा कौल समांतर संगणकांच्या बाजूने पडला. एक अतिवेगवान प्रक्रियक बांधण्याचे तंत्र आपल्याकडे नव्हते. पण बाजारात मिळणारे अनेक साधे प्रक्रियक एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटून देणे शक्य होते. त्यासाठी लागतात ते हुशार कार्यक्रमकार, आणि ते आपल्याकडे तोवर तयार झालेले होते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८६ मध्येच फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक चालवून दाखवला होता, त्यामुळे हे केवळ कागदी स्वप्न नव्हते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. डॉ. भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. भटकरांचे श्रेय यत्किंचितही कमी होत नाही. पण परमच्या मागे समितीचा कौल होता, आणि त्या कौलामागे २५ वर्षे वर्गात घातलेली मेहनत होती, हे त्या फिरत्या कथेत कधी येत नाही.

दुसरी गोष्ट बंगळूरची. एक महाकाय यंत्र मिळत नाही म्हटल्यावर राजारामन यांनी निराळी रचना निवडली. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी विशेष यंत्रे घ्यायची, एक आकडेमोडीसाठी, एक चित्रांकनासाठी, एक माहितीसाठ्यासाठी, आणि ती सर्व वेगवान जाळ्याने जोडून संशोधकांच्या टेबलापर्यंत आणायची. संशोधकाला मध्यवर्ती खोलीकडे यावे लागणार नाही, संगणनच त्याच्याकडे जाईल. आज आपण जे गृहीत धरतो, ते त्या वेळी भारतातील विद्यापीठात नवे होते. क्रे मिळाला असता तर कदाचित ही रचना झालीही नसती. इतिहासात ‘कदाचित’ जपून वापरावा, पण एवढे म्हणायला हरकत नाही, की या रचनेचा लाभ एका यंत्रामागे रांग लावणाऱ्या काही गटांऐवजी सबंध संस्थेला झाला.

सन्मानांची यादी थोडक्यात. १९७६ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, १९९८ मध्ये पद्मभूषण. निवृत्तीनंतर ते बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात शिकवत राहिले. त्या अध्यासनाला नाव होते आयबीएमचे. १९७८ मध्ये गेलेली कंपनी तोवर परतली होती.

निवृत्तीनंतरही लेखन थांबले नाही. भाषा बदलली की पुस्तक बदलायचे, हा शिरस्ता कायम राहिला. फोर्ट्रान ९० आले, त्यावर पुस्तक आले. ‘रेझोनन्स’ या विज्ञानशिक्षणाच्या मासिकात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लेख लिहिले. १९५५ ते २०१० या काळातील भारतीय संगणनाचा इतिहासही त्यांनी लिहिला. त्यात स्वतःच्या कामाइतकीच जागा समित्यांना, धोरणांना, आयातशुल्काच्या दरांना आणि इतरांच्या यंत्रांना आहे. भारतीय संगणकाच्या इतिहासावर काही लिहू इच्छिणाऱ्या तरुण वाचकाने तिथूनच सुरुवात करावी.

एक विनंती करून धागा थांबवतो. घरात आई-वडिलांची, काका-मावशीची जुनी अभियांत्रिकीची किंवा एमसीएची पुस्तके असतील, तर कपाटाचा वरचा कप्पा पाहा. राजारामन यांचे एखादे पुस्तक सापडले, तर आवृत्ती, वर्ष आणि मागच्या बाजूला छापलेली किंमत, एवढ्या तीन गोष्टी खाली प्रतिसादात लिहा. समासात पेन्सिलीने कोणी तक्ता आखून आज्ञावली चालवून पाहिली असेल, तर त्या पानाचे छायाचित्रही द्या.